अलंकाराचे सुवर्ण आणि औषधाचे सुवर्ण

सुवर्ण हा धातू सोनार आणि वैद्य या दोघांच्याही हातांतून जातो. दोघांनाही त्याची पारख करावी लागते आणि दोघेही त्याला अग्नी देतात. परंतु दोघांची त्याच्याकडून असलेली अपेक्षा परस्परविरुद्ध आहे. सोनाराला सोने झिजू नये असे हवे असते. वैद्याला ते झिजवून, सूक्ष्म करून रुग्णाच्या शरीरात पोहोचवावयाचे असते. या एका भेदामुळे सराफाच्या दुकानात जे सोने उत्तम ठरते, ते रसशाळेत उत्तम ठरतेच असे नाही.

हा विषय आज मांडण्याचे कारण व्यावहारिक आहे. आपल्या मराठवाड्यात बाळगुटीबरोबर सोन्याचे वळे किंवा अंगठी सहाणेवर उगाळण्याची चाल जुनी आहे. घरातील जुना दागिना आणून ‘याचेच भस्म करून द्या’ असा आग्रह धरणारे रुग्णही वैद्यांना नवे नाहीत. दोन्ही प्रसंगी दागिना म्हणजे सोने असे गृहीत धरलेले असते. वास्तविक दागिना म्हणजे सोने आणि इतर धातू यांचे मिश्रण होय. ते इतर धातू कोणते, ते का मिसळले जातात आणि औषधाच्या दृष्टीने त्यांचे काय करावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शुद्ध सोने मऊ का असते?

सोन्याइतका वर्धनशील धातू दुसरा नाही. एक ग्रॅम शुद्ध सोने ठोकून सुमारे एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा वर्ख तयार होऊ शकतो. सोन्याचे अणू एकावर एक थर रचल्याप्रमाणे नियमित मांडलेले असतात. दाब पडला की हे थर न तुटता एकमेकांवरून सरकतात, म्हणून सोने वाकते, पसरते, परंतु सहसा तुटत नाही. हाच गुण अलंकारात दोष ठरतो. शुद्ध सोन्याची अंगठी बोटात दबते, साखळीची कडी ओढ लागताच उघडते, कोंदणाची पकड सैल होऊन खडा निसटतो आणि बारीक नक्षी वापराने पुसट होते.

त्यात तांबे मिसळले की चित्र पालटते. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा आकाराने लहान असतो. सोन्याच्या सारख्या रचनेत मधूनच असा लहान अणू बसला की थरांची ओळ बिघडते आणि त्यांचे सरकणे अडते. परिणामी धातू कठीण होतो. रुप्याचा अणू मात्र जवळजवळ सोन्याच्याच आकाराचा असतो. म्हणून रुप्याने सोन्याचा कठीणपणा फारसा वाढत नाही, रंग मात्र फिकट आणि किंचित हिरवट होतो. तांब्याने रंग तांबूस होतो. दोन्ही बेताने घातल्यास पिवळेपणा टिकतो आणि मजबुतीही येते. म्हणून सोनार बहुधा दोन्हींची जोड वापरतात. नरम केलेल्या शुद्ध सोन्याचा विकर्स मापावरील कठीणपणा सुमारे २० ते ३० भरतो. तांबे-रुपे घातलेल्या १८ कॅरट सोन्याचा १०० च्या पुढे जातो.

अर्थात दागिन्यात इतर धातू मिसळणे ही मुळात फसवणूक नव्हे, ती कारागिरीची गरज आहे. मिश्रण किती आहे ते लपवणे ही फसवणूक होय.

प्रमाणाचा हिशेब

२४ भागांपैकी किती भाग सोने, या हिशेबाला कॅरट म्हणतात. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, १८ कॅरट म्हणजे ७५० आणि १४ कॅरट म्हणजे ५८५. जुन्या तोळ्याच्या (११.६६ ग्रॅम) हिशेबाने २२ कॅरटच्या एक तोळा दागिन्यात सुमारे १०.६९ ग्रॅम सोने असते आणि जवळजवळ एक ग्रॅम इतर धातू. १४ कॅरटच्या तोळाभर दागिन्यात इतर धातू पावणेपाच ग्रॅमच्या वर जातात.

वजनाचा हा हिशेब ऐकून २२ कॅरटमधील मिश्रण किरकोळ वाटते. परंतु तांबे हे सोन्यापेक्षा फार हलके आहे. सर्व मिश्रण तांब्याचेच आहे असे धरले, तर अणूंच्या संख्येत २२ कॅरट सोन्यातील शंभर अणूंपैकी सुमारे २२ अणू तांब्याचे भरतात. वजनात बारावा हिस्सा असलेले तांबे अणूंच्या गणतीत पाचव्या हिश्शाहून अधिक असते. औषधनिर्मितीत द्रव्याची रासायनिक क्रिया महत्त्वाची असल्याने ही गणती वैद्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

डाकाचा प्रश्न

दागिन्यात मिसळलेल्या धातूंखेरीज आणखी एक परका धातू असतो, तो म्हणजे सांध्यांचा डाक. कड्या, घुंगरू, वाट्या, फासे हे भाग जोडताना सोन्याच्या आधी वितळेल असा धातू लागतो. जुन्या पद्धतीत सोने आणि तांबे साधारण ६० आणि ४० या प्रमाणात घेऊन डाक करीत. त्यामुळे दागिना आटवला की एकूण कस उतरत असे. यावर उपाय म्हणून ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम असा डाक प्रचारात आला. ‘केडीएम’ सोने म्हणून ओळखले जाते ते हेच. यात कस टिकला, परंतु दुसरे संकट आले. कॅडमियम ३२१ अंश सेल्सियसला वितळते आणि ७६७ अंशांस उकळते. सोने मात्र १०६४ अंशांस वितळते. साहजिकच डाक देताना कॅडमियमची वाफ कारागिराच्या श्वासात जाते. हा धातू वृक्कांना आणि अस्थींना घातक आहे आणि शरीरातून बाहेर पडण्यास त्यास वर्षानुवर्षे लागतात. हॉलमार्कच्या मानकाने कॅडमियम वर्ज्य ठरविले आहे आणि त्याऐवजी जस्त आदी धातूंचे डाक वापरले जातात. परंतु घरोघरी असलेल्या जुन्या दागिन्यांत ते आजही आहे.

आपल्या जिल्ह्यातील घरचे सोने

परभणी जिल्हा हा कापूस-सोयाबीनच्या शेतीवर जगणारा. येथे सोने हे हौसेइतकेच अडीनडीचे धन आहे. पेरणीच्या वेळी तारण पडणारे आणि माल विकल्यावर सुटणारे डोरले, मुलीच्या लग्नात मोडून नव्याने घडवली जाणारी आजीची बोरमाळ, हे मानवत-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत सर्वत्र परिचित आहे. या मोडण्या-घडण्यात सोन्याचा कस कसा उतरत जातो, ते एका उदाहरणाने पाहू. १० ग्रॅमच्या ९१६ शुद्धतेच्या दागिन्यात जुन्या पद्धतीचा ०.४ ग्रॅम डाक असेल, तर तो आटवल्यावर शुद्धता ९०४ च्या आसपास येते. त्याच सोन्याचा पुन्हा तेवढाच डाक लावून दागिना केला आणि पुढील पिढीत तोही मोडला, तर ती ८९२ वर जाते. कोणीही लबाडी न करता हे घडते.

याशिवाय इतिहासाचाही एक भाग आहे. जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रण नियम लागू केले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई केली. देशभरातील सोनारांवर तेव्हा उपासमारीची पाळी आली. १४ कॅरटचे बंधन काही वर्षांतच उठले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० मध्ये रद्द झाला. त्या काळात घडविलेला दागिना आज ‘आजीच्या वेळचे अस्सल सोने’ म्हणून वैद्याच्या हाती येऊ शकतो. जुने म्हणजे शुद्ध, ही समजूत येथे साफ फसते.

बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांच्या दागिन्यात तर आत लाख भरलेली असते. वरचा पत्रा सोन्याचा, सांधा डाकाचा आणि गाभा लाखेचा, असा तो मणी असतो. त्याचे वजन म्हणजे सोन्याचे वजन नव्हे.

शास्त्रकारांची कसोटी

आपल्या ग्रंथकारांना हा भेद पूर्ण ठाऊक होता. भावप्रकाशात ग्राह्य सुवर्णाचे वर्णन करताना ते तापविले असता लाल, छेदले असता उजळ, कसोटीवर केशरासारखे, तसेच स्निग्ध, मृदू आणि जड असावे असे सांगितले आहे. त्याचबरोबर ते रुपे आणि तांबे यांपासून मुक्त असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे सोनार जे दोन धातू मुद्दाम घालतो, नेमके तेच दोन धातू वैद्याने नाकारावयाचे आहेत. त्याज्य सुवर्णाच्या लक्षणांत फिकेपणा, काठिण्य, रूक्षता, विवर्णता आणि हलकेपणा यांचा निर्देश आहे. काठिण्य हा दोष! अलंकारात जो गुण, तो औषधात दोष ठरविला गेला आहे.

या लक्षणांकडे धातुशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता प्रत्येकाचा अर्थ लागतो. तांबे मिसळलेले सोने तापविले की पृष्ठभागावर तांब्याचे ऑक्साइड जमून ते काळवंडते. शुद्ध सोने तसे होत नाही. त्याज्य सुवर्ण दाहात काळे पडते असे म्हटले आहे ते तांब्याचे लक्षण होय. कसोटीवर पांढरट रेघ उमटणे हे रुप्याचे लक्षण. आणि हलकेपणा दोहोंचा, कारण शुद्ध सोन्याची घनता १९.३ आहे तर २२ कॅरटची १७.८ च्या जवळपास.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सोन्यात क्रमाक्रमाने तांबे वाढवून सोळा वर्णांच्या प्रती तयार करण्याचे विधान आहे, आणि सोनारांच्या अपहाराचे प्रकारही सविस्तर सांगितले आहेत. आपल्या बोलीनेही ही परंपरा जपली आहे. ‘बावनकशी’, ‘हिणकस’, ‘तावून सुलाखून’ हे शब्द आज आपण माणसांविषयी वापरतो, परंतु ते मूळचे सोनाराच्या दुकानातील आहेत. हिणकस म्हणजे ज्याचा कस हीन आहे ते. तावणे म्हणजे तापविणे. आणि सुलाखणे म्हणजे आत छिद्र पाडून गाभा पाहणे. वरच्या रंगावर न जाता आतून पाहा, असा या शब्दांचा आदेश आहे.

शोधनाने मिश्रण निघते काय?

‘शोधन-मारण करावयाचेच आहे, मग दागिना घेतला म्हणून काय बिघडले?’ असा प्रश्न विचारला जाण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर क्रियेच्या स्वरूपात शोधावे लागते.

सामान्य शोधनात कंटकवेधी पत्रे तापवून तैल, तक्र, गोमूत्र, कांजी आणि कुलत्थ क्वाथ यांत पुनःपुन्हा विझविली जातात. तापविताना पृष्ठभागावरील तांब्याचे ऑक्साइड बनते आणि तक्र-कांजीसारख्या आम्ल द्रवात ते विरघळते. म्हणजे तांबे काही अंशी निघते, परंतु ते मुख्यतः पृष्ठभागावरील. पत्रे कंटकवेधी, म्हणजे काटा आरपार जावा इतकी पातळ असावीत या आग्रहाचे महत्त्व येथे कळते. पत्रा जितका पातळ, तितका गाभा पृष्ठभागाजवळ येतो. रुप्याचे मात्र तापविल्याने ऑक्साइड टिकत नाही, आणि ते या द्रवांत सुटतही नाही.

विशेष शोधनात वारुळाची माती, गृहधूम, गेरू, विटेचा चुरा आणि मीठ या पंचमृत्तिकेचा उपयोग सांगितला आहे. यातील विटेचा चुरा आणि मीठ ही जोडी लक्षणीय आहे. सोन्याचे पातळ पत्रे या दोहोंत ठेवून दीर्घकाळ तापविल्यास मिठापासून निघणारी क्लोरिनयुक्त वाफ रुप्यावर क्रिया करते, रुप्याचे क्लोराइड बनते आणि ते विटेच्या चुऱ्यात शोषले जाते. सोने तसेच राहते. याच तत्त्वावर जगातील अनेक प्राचीन टाकसाळींत सोन्यातून रुपे वेगळे करीत असत. आपल्या पूर्वाचार्यांची ही योजना निश्चितच साभिप्राय होती.

परंतु येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. शास्त्राने शोधन सांगितले ते आधी परीक्षा करून ग्राह्य ठरलेल्या सुवर्णाचे. शोधन हा परीक्षेचा पर्याय नव्हे. अज्ञात मिश्रणाचा, डाकाने भरलेला जाड दागिना तापवून विझविला म्हणजे त्याचे चोख सोने होते, असा अर्थ काढणे हे शास्त्राला मान्य होणार नाही. मिश्रण उरलेच, तर पुढे मारणात सोन्याबरोबर तांब्याचेही रूपांतर होते, आणि ते कितपत पूर्ण झाले हे कोणी तपासलेले नसते. अशुद्ध ताम्राचे आठ दोष सांगून ग्रंथकारांनी त्यास विषाहूनही घातक मानले आहे. वांती आणि भ्रम ही त्याची लक्षणे कोणत्याही वैद्यास सांगावयास नकोत. ताम्रभस्माची दह्यात परीक्षा करणारे आपण, सुवर्णभस्मात लपलेल्या ताम्राची परीक्षा करीत नाही, ही विसंगती आहे. अपक्व ताम्र असल्यास सुवर्णभस्मही दह्यात हिरवट-निळसर छटा देईल. म्हणून ही सोपी परीक्षा येथेही करावी.

तेजाबाने सोने शुद्ध करण्याविषयीही एक गैरसमज आहे. दागिना नुसता नायट्रिक आम्लात बुडविल्याने आतील तांबे-रुपे निघत नाही, कारण सोन्याचे प्रमाण अधिक असल्यास सोनेच त्या धातूंभोवती कवच होऊन राहते. म्हणून शुद्धीकरण करणारे कारागीर त्या सोन्यात आधी आणखी रुपे मिसळून सोन्याचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर आणतात, आणि मग आम्ल देतात. सोने शुद्ध करण्यासाठी ते आधी अधिक हिणकस करावे लागते! प्रयोगशाळेतील अग्निपरीक्षेतही हेच तत्त्व आहे. तेथे नमुन्यात रुपे घालून शिशाबरोबर तापवितात, हीन धातू शिशाच्या ऑक्साइडसह सच्छिद्र मुशीत शोषले जातात आणि उरलेले रुपे आम्लाने काढून केवळ सोने तोलले जाते. दुकानातील क्ष-किरण यंत्राची तपासणी जलद आणि उपयुक्त आहे, परंतु ती पृष्ठभागाजवळचाच थर पाहते, हे विसरू नये.

गुटीतील अंगठी

काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात धुतलेल्या पाषाणावर सुवर्ण पाण्यात उगाळून बालकास देण्याचा विधी आहे. तेथे सुवर्ण असा शब्द आहे, अलंकार असा नाही. आपल्या घरात मात्र हाती लागेल ती अंगठी सहाणेवर फिरविली जाते. ही अंगठी झिजू नये म्हणूनच तीत तांबे घातलेले असते. जी वस्तू न झिजण्यासाठी घडविली, तिच्याकडून आपण झिजण्याची अपेक्षा करतो. ती झिजते तेव्हा सोन्याबरोबर तांबे, रुपे आणि सांध्याजवळ असल्यास डाकही बाळाच्या वाटीत उतरतो.

याची अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. दोन-चार वळशांत झिजणारा अंश अत्यल्प असतो आणि त्यातील किंचित तांब्याने बाळास अपाय होईल असे म्हणता येत नाही. प्रश्न जुन्या कॅडमियमयुक्त सांध्यांचा आणि रोज, महिनोन्‌महिने देण्याच्या सवयीचा आहे. विशेषतः जे द्रव्य शरीरात साठत जाते, त्याची अल्प मात्राही तान्ह्या बाळास नको. उपाय मात्र अगदी सोपा आहे. २४ कॅरटचे, सांधा नसलेले लहान वळे किंवा नाणे गुटीसाठी वेगळे ठेवावे. शुद्ध सोने मृदू असल्याने ते सहाणेवर अधिक सहज उगाळले जाते, म्हणजे विधीचा हेतूही अधिक नीट साधतो. अंगावर घातलेला दागिना घाम, साबण आणि धूळ यांसह उगाळण्याचा प्रकारही त्यामुळे टळतो. मधाविषयी मात्र स्वतंत्र सावधगिरी हवी. एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, असा आधुनिक बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट इशारा आहे, आणि तो मातेला सांगितलाच पाहिजे.

वैद्याने काय करावे?

औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यानुसार स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास निर्मितीच्या परवान्यातून सूट आहे. सूट म्हणजे मोकळीक नव्हे. परवानाधारक कारखान्यात कच्च्या द्रव्याच्या तपासणीची जी नोंद ठेवली जाते, ती आपल्या छोट्या रसशाळेत आपणच ठेवली पाहिजे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून धातुकल्पांविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना केवळ ग्रंथवचनाने उत्तर देता येत नाही. आपले मूळ द्रव्य शुद्ध होते, हे कागदावर दाखविता आले पाहिजे.

या दृष्टीने पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. भस्मासाठी ९९९ किंवा किमान ९९५ शुद्धतेचे, प्रमाणित सोनेच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. जुलै २०२१ पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकी विशिष्ट ओळख क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल सुविधेवर पडताळून पाहावा. रुग्णाने दागिनाच आणला तर तो जसाच्या तसा मुशीत घालू नये. मान्यताप्राप्त केंद्रात त्याची तपासणी करून, शुद्धीकरण करून घ्यावे आणि तूट किती येईल याची कल्पना आधीच द्यावी. दहा ग्रॅमचा २२ कॅरट दागिना शुद्ध केल्यावर सव्वानऊ ग्रॅमही भरणार नाही, हे आधी सांगितले नाही, तर नंतर वैद्यावर संशय येतो. डाकाचे दागिने शक्यतो परत करावेत. पत्रे ठोकताना कडा लवकर चिरत असतील, किंवा तापविल्यावर काळसर झाक येत असेल, तर काम थांबवावे. ग्रंथातील त्याज्य सुवर्णाची लक्षणेच समोर दिसत आहेत असे समजावे.

सुवर्णभस्माची मात्रा सामान्यतः १५ ते ३० मिलिग्रॅम इतकी अल्प असते. एवढ्या अल्प मात्रेसाठी रुग्ण आपल्या घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू वैद्याच्या हाती ठेवतो. कित्येकदा ती त्याच्या घरातील स्त्रीच्या गळ्यातून उतरलेली असते. सोनाराकडे देताना ती वजन करून, समोर बसून दिली जाते. वैद्याकडे मात्र ती विश्वासाने दिली जाते. म्हणून परीक्षेची जबाबदारी येथे देणाऱ्याची नसून घेणाऱ्याची आहे. दागिना सुंदर आणि टिकाऊ असणे हे सोनाराचे यश होय. तो औषधाला योग्य आहे की नाही, हे ठरविण्याचे काम मात्र वैद्याचे आहे, आणि ते त्याने दुसऱ्या कोणावरही सोपवू नये.